‘नाव काहीही द्या, फरक काय पडतो?’ : नेरुळच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

अँग्झायटी (सतत छळणारी चिंता) आणि एडीएचडी (लहानपणापासून लक्ष टिकवता न येणं, चंचलपणा) यांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दोन्हींत लक्ष लागत नाही, चुळबुळ असते, झोप बिघडते; मग नाव काहीही द्या, फरक काय पडतो? अशी मुलं तुमच्या वर्गात कायमच होती, त्यांना धांदरट म्हणायचे आणि ती पुढे मार्गी लागलीच. नववीतल्या नातवाची तपासणी करून घ्या असं शाळेने सांगितल्यामुळे तुम्ही अस्वस्थ आहात, हेही कळलं.

रील बघून स्वतःला एडीएचडी ठरवणाऱ्यांवरचा तुमचा राग मला मान्य आहे. पण फरक पडतो, सर. उपचारात पडतो. एडीएचडीत मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने लक्ष टिकायला मदत होते. मूळ त्रास अँग्झायटीचा असेल तर त्याच औषधाने काहींची धडधड आणि बेचैनी वाढू शकते. उलट एडीएचडीच्या मुलाला नुसतं मन शांत करायला शिकवलं, तर भीती कमी होईलही, पण कंपासपेटी वर्गात विसरायची ती विसरणारच.

नौपाड्यातल्या एखाद्या क्लासमध्ये दहावीची दोन मुलं खिडकीबाहेर बघत बसली आहेत असं समजा. एकाचं मन एकाच जागी अडकलंय: कमी मार्क पडले तर? बाबा काय म्हणतील? दुसऱ्याचं मन पंख्यावरून रिक्षाच्या हॉर्नवर, तिथून रविवारच्या मॅचवर गेलंय, आणि त्याला भीती कसलीच नाही. पेपरात पहिला तेच उत्तर पुन्हापुन्हा तपासतो आणि वेळ संपतो. दुसरा पान उलटायचंच विसरतो. मार्क दोघांचे सारखेच जातात, म्हणून घरी दोघांना बोलणीही सारखीच बसतात. मे महिन्यात गावी गेल्यावर मात्र पहिला बऱ्याचदा निवांत पुस्तक वाचत बसतो (चिंता सर्वव्यापी असेल तर ती तिथेही नवं कारण शोधते, हे खरं), आणि दुसरा तिथेही टॉवेल विहिरीवर विसरून येतो.

दुसरा धागा काळाचा. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा ७ वर्षांची होती. शिवाय ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. अँग्झायटीला अशी वयाची अट नाही. त्यामुळे आठवीपर्यंत व्यवस्थित असलेल्या मुलाचं लक्ष नववीत एकदम उडालं, तर आधी भीती, झोप, थायरॉइड, घरातले ताण हे सगळं बघायला हवं.

‘मार्गी लागले’ या तुमच्या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करणारी एखादी बाई घरातून निघताना पर्स पुन्हापुन्हा तपासते, प्रत्येक मेल पाठवण्याआधी घाबरते. बाहेरून ही अँग्झायटीच दिसते. पण लहानपणापासून विसरण्यावरून इतकं ऐकून घेतलेलं असतं, की भीती त्यातूनच उगवलेली असू शकते. एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये अँग्झायटीही असणं अगदी सर्रास आढळतं. आणि वर्गात दंगा न करता गप्प, हरवल्यासारख्या बसणाऱ्या मुली तर कोणाच्या लक्षातच यायच्या नाहीत. अशा वेळी कोणता त्रास आधीचा आणि कोणता त्याच्या पोटातला, हे डॉक्टरांना उलगडावं लागतं. सहा प्रश्नांच्या ऑनलाइन चाचणीचं ते काम नाही.

इथेच तुमच्यासारख्या शिक्षकांची गरज लागते. पंचविशीतला माणूस बालपण नीट सांगू शकत नाही आणि आईवडिलांनाही सगळं आठवत नाही. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘वह्या अपूर्ण’ असे प्रगतिपुस्तकावरचे शेरे तेव्हा पुरावा ठरतात. एखादा जुना विद्यार्थी यासाठी भेटायला आला, तर आठवेल ते लिहून द्या.

नातवाला बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर न्या. कुठे जायचं ते ठरत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर विचारता येईल. जाताना त्याची पहिली-दुसरीपासूनची प्रगतिपुस्तकं बरोबर घ्या. आणि त्याला आधी एकट्याला विचारा, वर्गात लक्ष उडतं तेव्हा तू नेमका कुठे जातोस? तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा.