दोष दाखवणाऱ्यावर संशय

२०१० च्या ऑगस्टमध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरि प्रसाद यांना पोलिसांनी घरातून अटक केली आणि मुंबईला आणले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील प्राध्यापक अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे हॅकर रोप गॉन्गग्राइप यांच्यासह त्यांनी भारतीय मतदान यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. यंत्र हाती आले तर त्यातील मतांमध्ये फेरफार करता येतो, हे त्यांनी करून दाखवले होते. ते यंत्र मुंबईच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातील होते आणि ते कोणाकडून मिळाले, हे सांगायला प्रसाद तयार नव्हते. सरकारी वस्तू गहाळ झाली असेल तर तपास करणे पोलिसांचे कामच आहे. तरीही आपल्याकडची चर्चा यंत्राच्या दोषावरून त्या माणसाच्या हेतूवर घसरली, ती कायमचीच.

जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये राहताना ही घटना मला वारंवार अस्वस्थ करते, कारण याच गॉन्गग्राइप यांच्या गटाने २००६ मध्ये नेडाप या डच कंपनीच्या मतदान यंत्राबाबत असेच प्रात्यक्षिक केले होते. मते मोजणाऱ्या त्या यंत्राला त्यांनी बुद्धिबळही खेळायला लावले. जर्मनीतही याच कंपनीची यंत्रे वापरात होती. ती तपासण्यात येथील ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ या हॅकर संघटनेचा सहभाग होता आणि प्रकरण कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने याच संघटनेचे तज्ज्ञ म्हणून मत मागवले. ३ मार्च २००९ रोजी निकाल लागला. मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले आणि २००५ च्या निवडणुकीतील यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. निवडणूक मात्र रद्द केली नाही, कारण प्रत्यक्ष घोटाळा झाल्याचा पुरावा नव्हता. दोष असू शकतो आणि दोषाचा गैरवापर झाला, ही दोन विधाने किती काळजीपूर्वक वेगळी ठेवावी लागतात, याचा हा निकाल मला उत्तम नमुना वाटतो. आपल्याकडे दोन्ही बाजू ती बेधडक एक करून टाकतात.

या संघटनेला हा मान सहज मिळालेला नाही. १९८१ मध्ये ती स्थापन झाली, तेव्हा तिच्याकडे संशयानेच पाहिले जाई. १९८४ मध्ये तिच्या सदस्यांनी टपाल खात्याच्या ‘बिल्डशिर्मटेक्स्ट’ या संगणकीय सेवेतून, हॅम्बुर्गमधील एका बँकेच्या नावावर, एका रात्रीत सुमारे १ लाख ३५ हजार मार्कांचे बिल चढवले. त्यांनी तो प्रकार स्वतःच जाहीर केला आणि पैसे परत केले. सेवा सुरक्षित असल्याचा टपाल खात्याचा दावा खोटा ठरवणे एवढाच त्यांचा उद्देश होता. पुढे १९८९ मध्ये काही तरुण जर्मन हॅकर परदेशी संगणकांतील माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत असल्याचे उघड झाले आणि पुन्हा सगळ्याच हॅकर मंडळींकडे बोट दाखवले गेले. तो संशय निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण संघटनेने त्याला लपून उत्तर दिले नाही. तिची रीतसर नोंदणी झालेली आहे, तिचे प्रवक्ते स्वतःच्या नावाने बोलतात, खाजगी माहितीचे रक्षण आणि सार्वजनिक माहितीचा खुला वापर ही तिची जाहीर भूमिका आहे. २०११ मध्ये पोलिसांचे हेरगिरीचे सॉफ्टवेअर परवानगीपेक्षा कितीतरी अधिक करू शकते, हे तिने पुराव्यानिशी मांडले, तेव्हा सरकारला खुलासा करावा लागला.

जर्मनी या बाबतीत आदर्श आहे, असे मात्र नाही. २००७ पासून येथे सुरक्षा तपासण्याची साधने बाळगणाऱ्यांनाही अडचणीत आणू शकणारे कलम आहे. २०२१ मध्ये एका संशोधक महिलेने ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार-अ‍ॅपमधील त्रुटी त्या पक्षाला कळवली, तर पक्षाने पोलिसांत तक्रार दिली. टीकेचा भडिमार झाल्यावर पक्षाने माफी मागितली. फरक या शेवटच्या वाक्यात आहे. येथे कायदा चुकतो तेव्हा समाजातला बराच मोठा भाग त्रुटी दाखवणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

साताऱ्याच्या माझ्या काकांचा या सगळ्याला एक आक्षेप असतो: “तोंड झाकून येणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा?” २०१२ मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस’ या निनावी हॅकरांच्या गटाने भारतात जे केले, ते पाहता हा प्रश्न मला योग्य वाटतो. चित्रपटांची चोरी थांबवण्याच्या न्यायालयीन आदेशांचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी संकेतस्थळेच्या संकेतस्थळे बंद केली होती, आणि त्याविरुद्धचा राग रास्त होता. जूनमध्ये मुंबईसह अनेक शहरांत मुखवटे घालून तरुण रस्त्यावर आले, तो त्यांचा हक्कच होता. परंतु त्याआधी या गटाने सर्वोच्च न्यायालयाचे आणि काँग्रेसचे संकेतस्थळ बंद पाडले होते. ज्यांची तक्रारच मुळात संकेतस्थळे बंद करण्याविरुद्ध आहे, त्यांनी दुसऱ्याचे संकेतस्थळ बंद पाडावे, हे मला कोणत्याही अंगाने समर्थनीय वाटत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिले आणि दुसरीने ते ‘लाइक’ केले, एवढ्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या ज्या ६६-अ कलमाचा तेथे वापर झाला, ते २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, आणि त्यासाठी कायद्याची एक विद्यार्थिनी स्वतःच्या नावाने न्यायालयात गेली होती. मुखवट्याची गरज कोणालाच नसते, असा याचा अर्थ मी लावत नाही. पालघरच्या त्या मुली निनावीपणे व्यक्त झाल्या असत्या, तर त्यांच्यावर ती वेळ आली नसती. दुबळ्याला निनावीपण हवेच. पण लोकांच्या वतीने बोलण्याचा दावा करणाऱ्या गटाने निदान एवढे सांगावे, की मिळालेल्या माहितीचे त्याने काय केले, मालकाला आधी कळवले का, आणि त्याच्या कृतीची झळ कोणाला बसली.

सरकारलाही हेच लागू आहे. जानेवारी २०१८ मध्ये पाचशे रुपयांत आधारची माहिती मिळते, अशी बातमी देणाऱ्या पत्रकाराचे नाव आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून गुन्ह्यात नोंदवले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांना मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेऊन पाहायचे होते, तर तेथे प्रतिबंधात्मक आदेश लागू झाले. त्या चाचणीला कायदेशीर किंमत नव्हती आणि यंत्रात फेरफार झाल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. मत कोणाला गेले हे मतदाराला दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आल्यापासून आपली यंत्रे २०१० पेक्षा अधिक पडताळण्याजोगी झाली आहेत, हेही खरे. पण जे गावकऱ्यांना पडताळून पाहायचे होते, त्याच पडताळणीला कार्ल्सरूहच्या न्यायाधीशांनी नागरिकाचा अधिकार म्हटले होते. आज देशात संगणकातील त्रुटी कळवण्यासाठी ‘सर्ट-इन’ ही सरकारी यंत्रणा आहे. तिच्याकडे प्रामाणिकपणे त्रुटी कळवणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल होणार नाही, अशी स्पष्ट तरतूद संसदेने करावी, आणि महाराष्ट्रातील खासदारांनी ती मागणी आधी मांडावी, कारण हरि प्रसाद यांना अटक करून आणले होते ते मुंबईलाच.