निर्यातबंदी, साठेबाज आणि नाफेड: कांद्याच्या मेसेजमध्ये खरं किती?

कांदा जरा महागला की एक मेसेज ठरल्यासारखा फिरू लागतो. शब्द बदलतात, सार तेच: ‘देशाची अन्नसुरक्षा आधी. सरकारने निर्यात बंद केली म्हणून साठेबाजांना दणका बसला आणि गरिबाला स्वस्त कांदा मिळाला. शेतकऱ्याचं काही बिघडत नाही, त्याचा माल नाफेड घेतं.’ (नाफेड म्हणजे केंद्र सरकारसाठी शेतमाल विकत घेणारी सहकारी संस्था.)

यातलं स्वस्ताईचं तेवढं अर्धंमुर्धं खरं आहे. बंदीने भाव पडतो. ७ डिसेंबर २०२३ ला अधिसूचना निघाली, दुसऱ्या दिवसापासून निर्यात बंद, आणि महिना सरायच्या आत नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव बाजार समितीतले भाव जवळपास निम्म्यावर आले. पण हा लिलावातला भाव. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार ग्राहक कांद्यावर खर्च करतो त्या रुपयातले ३६ पैसे शेतकऱ्याकडे जातात. म्हणजे तुम्ही ५० रुपये किलोने घेतलात तर त्याचे १८. ते निम्मे झाले तर तुमचे फार तर ९ रुपये वाचतात, तेही मधल्या सगळ्यांनी प्रामाणिकपणे पुढे दिले तर. गाडीभाडं, हमाली, घट, किरकोळ विक्रेत्याचा नफा यांना अधिसूचना लागू होत नाही.

अन्नसुरक्षेचं म्हणाल, तर २०१३ च्या कायद्यात धान्य आहे, कांदा नाही. मे २०२२ मधली गव्हाची किंवा जुलै २०२३ मधली बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातबंदी यावर वाद घालता येईल, कारण रेशनचं पोतं त्यातूनच भरतं. कांद्याचं २०२२-२३ चं उत्पादन सुमारे ३०० लाख टन, निर्यात २५ लाख टन. पुढच्या वर्षी उत्पादन घटलं हे खरं, पण देश उपाशी राहील अशी ती घट नव्हती.

आता साठेबाज. हा शब्द वापरणाऱ्याने एकदा ऑगस्टमध्ये निफाड किंवा येवल्याकडची कांदा साठवायची चाळ बघावी. खालून हवा खेळावी म्हणून जमिनीपासून उचललेली, बाजूंना फटी ठेवलेली. पावसाळी दमट हवेत सडका वास आला की माणसं लावून माल उपसायचा, निवडायचा, खराब फेकायचा. मोड, सड आणि वजनातली घट धरली तर तिसरा हिस्सा सहज जातो. मार्च ते मे मध्ये निघणारा उन्हाळ कांदा असा सांभाळला जातो, म्हणून खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत आपल्या फोडणीत कांदा असतो. सगळ्यांनी मे मध्येच चाळी रिकाम्या केल्या तर सप्टेंबरात काय खाणार?

गंमत पुढेच आहे. डिसेंबरात बाजारात येतो तो मुख्यतः लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की आठवड्या-दोन आठवड्यांत विकावाच लागतो. म्हणजे बंदीचा दणका बसला तो ज्याला साठा करताच येत नाही त्याला.

नाफेडची खरेदी होते, नाही कोण म्हणतं? २०२३ मध्ये राखीव साठ्याचं उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ आणि मग ७ लाख टनांवर गेलं. ३०० लाखांत ७ लाख! शिवाय भाव चढले की हाच कांदा शहरांत २५ रुपये किलोने विकायला आणला, म्हणजे शेतकऱ्याचा तारणहार म्हणून दाखवला जाणारा खरेदीदारच त्याचा भाव पाडायला उभा. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापुरात एका शेतकऱ्याच्या पाच क्विंटल कांद्याच्या विक्रीच्या पट्टीतून हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक पडला होता. राज्याने नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, तेही २०० क्विंटलपर्यंतच. तेव्हा हा मेसेज कुणी फॉरवर्ड केल्याचं आठवतंय?

मेसेजमध्ये नसलेला तोटा म्हणजे परदेशी गिऱ्हाईक दुरावण्याचा. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की, स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. २०२० मध्ये पुन्हा बंदी, २०२३ मध्ये पुन्हा. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. निर्यात रोखायचीच असेल तर कोणत्या भावाला किती शुल्क लागेल हे लागवडीआधी जाहीर करा. रोप टाकायचं की नाही, ते शेतकरी त्यावर ठरवेल.