एचपीव्हीचा तो मेसेज माझ्या मित्रापर्यंत पोचला म्हणून हे लिहितोय

"पुरुषांनो, एचपीव्हीच्या लशीपासून लांब राहा" असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. (एचपीव्ही म्हणजे मुख्यतः शारीरिक संबंधातून पसरणारा, काही कॅन्सर करू शकणारा व्हायरस.) मी दोनदा बघून सोडून दिला होता. पण काल जवळच्या एका मित्राने तोच मला पाठवला आणि म्हणाला, अरे मी पहिल्या डोसची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. तो २४ वर्षांचा आहे, त्याला एचआयव्ही आहे, गोळ्या एक दिवससुद्धा चुकवत नाही. त्याला विचारूनच हे लिहितोय.

ज्या मुद्द्यामुळे तो घाबरला तो आधी घेतो. मेसेज म्हणतो, "लशीत जिवंत व्हायरस असतो, एचआयव्हीवाल्याच्या अंगात तो भडकतो." साफ खोटं आहे हे. एचपीव्हीच्या लशीत व्हायरसच नसतो, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. व्हायरसच्या बाहेरच्या कवचाचं एक प्रोटीन असतं, एल१ नावाचं, ते वेगळं तयार करतात आणि ते आपोआप जुळून पोकळ गोळे बनतात. आत डीएनए नाही, मग वाढणार काय आणि भडकणार काय? आणि हे एचआयव्ही असलेल्या पुरुषांवर तपासलंय. २०१० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अशा १०९ पुरुषांना लस दिली, त्या लशीतल्या एचपीव्हीच्या चारही प्रकारांविरुद्ध ९५ टक्के किंवा जास्त जणांत अँटीबॉडी तयार झाल्या, सीडी४ वर (संरक्षक पेशींचा आकडा) किंवा व्हायरल लोडवर (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) वाईट परिणाम नाही, लशीमुळे गंभीर त्रास कोणालाच नाही. डब्ल्यूएचओ तर म्हणतं की एचआयव्ही असलेल्यांना लशीत प्राधान्य द्या, किमान २ आणि जमेल तिथे ३ डोस द्या. म्हणजे ज्यांना सगळ्यात आधी मिळायला हवी त्यांनाच हा मेसेज पळवून लावतोय, आणि पाठवणारे "काळजीपोटी" पाठवतात म्हणून जास्त संताप होतो.

दुसरा मुद्दा: "निरोगी पुरुषाचं शरीर एचपीव्ही स्वतःच मारतं, एकदा होऊन गेला की जन्मभर इम्युनिटी." यातलं अर्धं खरं आहे, मान्य करतो. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, आणि ते काम मुख्यतः शरीरातल्या टी-पेशी नावाच्या संरक्षक पेशी करतात. पण जन्मभर इम्युनिटी कुठून आली? हा व्हायरस कातडीच्या वरच्या थरांतच राहतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही, त्यामुळे शरीराला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. पुरुषांमध्ये लिंगावरच्या संसर्गानंतर बहुतेकांच्या रक्तात अँटीबॉडी दिसतही नाहीत, आणि ज्यांच्यात दिसतात त्यांनाही एचपीव्हीचा तोच प्रकार पुन्हा होऊ शकतो. ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या चार हजारांवर पुरुषांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेला एचआयएम नावाचा अभ्यास आहे, त्याच्या माहितीवरून २०१७ मध्ये निघालेला निष्कर्ष वाचा: ज्याला एचपीव्ही १६ (कॅन्सर करणारा एक प्रकार) एकदा झाला त्याला वर्षभरात तोच परत होण्याची शक्यता, तो न झालेल्याच्या तुलनेत, २० पट, दोन वर्षांनीसुद्धा १४ पट. आणि हे ज्यांचा त्या काळात कोणाशी संबंध आला नाही त्यांच्यातही दिसलं, म्हणजे व्हायरस स्वतःच्याच अंगावर पुन्हा पसरतो किंवा दबून बसून परत उठतो. याला इम्युनिटी कसं म्हणायचं? लस मात्र तेच प्रोटीन दंडात थेट टोचते, तिथे शरीर नीट दखल घेतं आणि नैसर्गिक संसर्गापेक्षा कितीतरी जास्त अँटीबॉडी बनतात.

"हा बायकांचा आजार, पुरुष फक्त वाहक" यावर फार वेळ घालवत नाही. गुदद्वाराचा, लिंगाचा, घशाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो ना? अमेरिकेत तर एचपीव्हीमुळे होणारे घशाचे कॅन्सर पुरुषांमध्येच जास्त आहेत.

राहिला शेवटचा मुद्दा, की "गोळ्या चालू आणि सीडी४ चांगला असेल तर एचपीव्हीला घाबरायचं कारण नाही." गोळ्या घ्यायलाच हव्यात, त्यात वादच नाही. पण सीडी४ वर आला तरी तो पूर्वी किती खाली गेला होता याचा परिणाम मागे राहतो. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये आकडे काढले, तेव्हा गुदद्वाराच्या कॅन्सरचं प्रमाण वर्षाला दर लाखात एचआयव्ही असलेल्यांमध्ये ४६ च्या आसपास आणि नसलेल्यांमध्ये ५ च्या आसपास होतं. चांगली गोष्ट ही की २०२२ मध्ये आलेल्या अँकर नावाच्या ट्रायलमध्ये, एचआयव्ही असलेल्या ३५ आणि त्यावरच्या वयाच्या लोकांत गुदद्वारातले कॅन्सरआधीचे बदल शोधून त्यांवर उपचार केले, तर नुसतं लक्ष ठेवण्यापेक्षा कॅन्सर ५७ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे तपासणी करून वेळीच उपचार घेण्याचा उपयोग होतो, आणि "घाबरायचं कारण नाही" ऐकून माणूस नेमकी ती तपासणीच टाळतो.

एक गोष्ट मेसेजवाल्यांना माहीतही नसेल पण मी लपवणार नाही. एचआयव्ही असलेल्या २७ आणि त्यावरच्या वयाच्या लोकांवर लशीची एक ट्रायल झाली होती, गुदद्वाराच्या नव्या संसर्गावर फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली. त्या वयापर्यंत बऱ्याच जणांना एचपीव्ही होऊन गेलेला असतो आणि लस आधीच शिरलेला व्हायरस काढत नाही. वय जास्त असेल तर डॉक्टरशी बोलून ठरवा. पण यातून "घेऊ नका" निघत नाही, "लवकर घ्या" निघतं. मित्र २४ चा आहे. गुरुवारची अपॉइंटमेंट परत घेतलीये, मी सोबत जातोय.