पहाटेची बस आणि पहिला तास

"दादा, पोरगं वर्गात झोपूलालंय म्हणून कॉलेजातनं बोलावणं आलंय." परवा बहिणीचा फोन आला. पालकसभेत एकच निदान झालं म्हणे: मोबाईल. तो काढून घ्या, पोरगं ताळ्यावर येईल.

बारा वर्षं मी कॅलिफोर्नियात आहे, पण कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागातल्या त्या घराची पहाट मला पाठ आहे. रविवारी भाच्याकडून दिवसाचा हिशेब घेतला. पावणेपाचला उठतो. सहाची बस चुकली तर पहिला तास गेलाच. बेळगावपर्यंत तीसेक किलोमीटर, बहुतेकदा उभ्यानेच. पावसाळ्यात तर ओली पँट आणि ओली सॅक घेऊन आठच्या तासाला बसायचं. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी ट्यूशन करून घरी यायला आठ वाजतात, जेवण-अभ्यास आटोपून अंथरुणाला पाठ टेकते अकराला. पावणेसहा तास झोप! सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास लागतात.

मोबाईलचा दोष नाही असं मी म्हणत नाही. पण या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, म्हणून नऊला दिवा मालवला तरी डोळा लागत नाही आणि पहाटे उठवलं तेव्हा शरीराची रात्र संपलेली नसते. याला आळस म्हणणं अन्याय आहे.

इथे २०२२ पासून कायद्यानेच सरकारी हायस्कूल साडेआठच्या आधी भरवता येत नाही. माझी मुलगी सात वाजता उठते, तेव्हा मला भाचा आठवतो. पण त्याच कायद्यात ग्रामीण भागातल्या शाळांना सूट आहे. म्हणजे लांबून येणारं पोर इथेही बाहेरच राहिलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, पण ते लहानग्यांसाठी, आणि सीमेच्या पलीकडे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल सभेत कुणी बोललं नाही. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं पोर पीयुसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलं की फिजिक्स एकदम इंग्रजीत सुरू होतं. अडलं तर सर कन्नडमध्ये समजावतात, तेही अर्धंच कळतं. मी स्वतः पहिले चार महिने फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत होतो. न कळणारं तासभर ऐकत राहिलं की डोकं शिणतं, धागा सुटतो आणि मान कलते. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आपण काळ्या फिती बांधतो, तो लढा माझाही आहे. पण या पोरांना सुरुवातीचे दोन महिने रविवारी मराठीतून फिजिक्स समजावून द्यायला आपल्यातले शिकलेले किती जण बसतात? मी ऑनलाइन बसायला तयार आहे, गावातल्या मुलांना तसं कळवलंय.

बहिणीला सांगितलं, पुढच्या सभेला बसचं वेळापत्रक घेऊन जा, गावातले आणखी चार पालक सोबत घे. पहिला तास नऊला घ्या म्हणावं, नाहीतर त्या वेळेला प्रॅक्टिकल ठेवा. हात चालले की डोळे उघडे राहतात. रात्री दहाला फोन काढून ठेवायचं भाच्याने कबूल केलंय. मीही तिथले दहा वाजून गेले की त्याला मेसेज करत नाही.