एका रात्रीच्या निवाऱ्यावर कर घेऊ नका

हॉस्टेलवर सलग 90 दिवस राहिलात आणि महिन्याचं भाडं 20 हजारांच्या आत असलं, तर त्यावर जीएसटी नाही. जुलै 2024 पासून ही सवलत आहे आणि ती योग्यच आहे, पुण्यात शिकायला येणाऱ्या पोरांना तिचा आधार आहे. धार्मिक ट्रस्टच्या आवारातली हजाराच्या आतली खोलीही करमुक्त. मग ज्याचं छप्पर आज संध्याकाळीच गेलं, त्याच्या एका रात्रीच्या खोलीवर कर का?

पूर्वी तो नव्हता. हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर 18 जुलै 2022 पासून 12 टक्के लागले, सप्टेंबर 2025 मध्ये त्याचे 5 झाले. कमी झाले हे बरंच, पण अशा माणसाकडून पाचही घेऊ नयेत.

25 जुलै 2024 ला पुण्यात नदीचं पाणी एकतानगरीत, पुलाच्या वाडीत शिरलं. लोकांची सोय महापालिकेच्या शाळांमध्ये झाली. आमच्या ओळखीच्या एका घरात मात्र अर्धांगवायू झालेल्या आजी होत्या. त्यांना वर्गातल्या फरशीवर झोपवायचं कसं आणि रात्री उठवून संडासला न्यायचं कसं? आम्ही चार-पाच जणांनी पैसे काढून लॉजवर खोली घेतली. भाडं 900, खाली 54 केंद्राचे आणि 54 राज्याचे. नात ओल्या दप्तरातली पुस्तकं पंख्याखाली एकेक करून उघडून ठेवत होती. 108 रुपयांत त्या दोघींचं रात्रीचं जेवण झालं असतं. लॉजवाल्याला बोल लावत नाही, त्याला कायद्यानं कर घ्यावाच लागतो.

वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेला लॉज जीएसटीत येत नाही, हे खरं. पण तीच खोली ॲपवरून बुक केली की कर लागतोच. आणि रात्री अकराला, पावसात, माणूस ॲपच उघडतो!

सगळ्यात खटकतं ते पुढचं. सेवाभावी संस्थांना जीएसटीतून जी सूट आहे, तिच्यात कोणती कामं बसतात याची यादीच दिलेली आहे. योग आहे, पर्यावरण आहे, बेघर मुलांचं शिक्षण आहे. बेघर मोठ्या माणसाला रात्रभर निवारा देणं त्या यादीत नाही. म्हणजे एखाद्या संस्थेनं भाड्यानं खोल्या घेऊन माणसांना ठेवलं, तर देणगीतला काही भाग करात जाणार.

गैरवापर होईल, असं कुणी म्हणेल. होईलही, म्हणून माफी लॉजला सरसकट देऊ नका. महापालिकेच्या समाज विकास विभागाचं, पोलिस ठाण्याचं किंवा ससून रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांचं पत्र असेल तर पहिले 30 दिवस कर शून्य, एवढंच करा. तिजोरीला याचा धक्काही लागणार नाही.

डिसेंबर 2024 मध्ये वाघोलीत फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. अमरावतीहून कामाला आलेली माणसं होती ती. दोन लेकरांसह तिघं गेले. करमाफी असती तर ते वाचले असते, असा दावा मी करणार नाही. त्यांना परवडेल असं अंथरूणच या शहरात नव्हतं, आणि त्यासाठी रात्र निवारे वाढवायला हवेत. पण निवारा भरलेला असतो तेव्हा संस्थांना लॉजचंच दार ठोठवावं लागतं, म्हणून ही माफीही हवी.

जीएसटी कायद्याच्या कलम 11 मध्ये, केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेच्या शिफारशीवरून सूट देण्याची तरतूद आहे. परिषदेत महाराष्ट्राचा प्रतिनिधी बसतो. पुण्याच्या आमदारांनी हा विषय त्यांच्याकडे न्यावा म्हणून मी निवेदन तयार केलंय. सही करायची असेल त्यांनी मेसेज करा. निवारा चालवणाऱ्या कुणाकडे अशी बिलं असतील तर तीही पाठवा, निवेदनाला जोडायची आहेत.