तीन दिवसांत उत्तर आलं नाही, या घेऊन जा

दुकानातून फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते आणि नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, एफबीआयकडून अजून हो किंवा नाही काहीच आलेलं नाही, पण तीन वर्किंग डेज झालेत, तेव्हा तुम्ही येऊन पिस्तूल घेऊन जाऊ शकता. मी तव्यावरची पोळी तशीच ठेवून बाहेर आले. म्हटलं, म्हणजे काय? चौकशी पूर्ण झाली नाही आणि तरी घेऊन जा?

हो. कायद्याने चालतं. त्या संध्याकाळपासून मी या विषयात जे काही वाचलंय, लोकांना विचारलंय, ते आज एकदा लिहून काढतेय. पोस्ट मोठी होणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला राहतो, सिटिझन होऊन काही वर्षं झाली. दिवाळीच्या आसपास आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे आता चोरांनाही माहीत झालंय. आमच्या ओळखीत दोन घरं फुटली आणि नवऱ्याच्या डोक्यात पिस्तूल घ्यायचं आलं. माझा विरोध होता, अजूनही पूर्ण गेलेला नाही, पण दोन महिने बोलून आम्ही ठरवलं की आधी तिजोरी घ्यायची, आधी ट्रेनिंग करायचं आणि मगच दुकानात जायचं. तेवढं केलं आणि एका शुक्रवारी गेलो.

तिथे फॉर्म ४४७३ भरायला देतात. तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलात का, फरार आहात का, गांजा किंवा इतर अमली पदार्थ घेता का (तुमच्या राज्यात गांजा चालत असला तरी केंद्राच्या कायद्यात चालत नाही, असं फॉर्मवरच छापलंय), कोर्टाने कधी मानसिक उपचारांसाठी सक्तीने दाखल केलंय का, घरातल्या माणसाला मारहाण केल्याची शिक्षा झालीय का, व्हिसा कुठला. खोटं लिहिलं तर तो मोठा गुन्हा आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या मुलाला २०२४ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं ते याच फॉर्मवरच्या ड्रग्जच्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं म्हणून, पुढे वडिलांनी माफी दिली तो भाग वेगळा.

जाता जाता आपल्या मंडळींसाठी, कारण हे मला मेसेजमध्ये सतत विचारतात. ग्रीन कार्ड असेल तर घेता येतं. एच१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर एरवी बंदी आहे, अपवाद आहेत आणि त्यातला नेहमीचा म्हणजे वैध हंटिंग लायसन्स, पण तो अपवाद नीट वकिलाला विचारून घ्या. आणि नवऱ्याला घेता येत नाही म्हणून बायकोच्या नावावर फॉर्म भरून त्याच्यासाठी विकत घेणं हा सरळ गुन्हा आहे, त्यात घरच्याघरीच तर आहे असं काही नसतं.

फॉर्म भरला की दुकानदार तुमची माहिती एफबीआयच्या निक्स नावाच्या यंत्रणेला देतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला तिचं ऑफिस आहे. ३० नोव्हेंबर १९९८ ला ती सुरू झाली. बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं, माणूस काउंटरवर उभा असतानाच. उत्तरं तीनच: प्रोसीड (विका), डिनाय (विकू नका), डिलेड (अजून तपासतोय). आमचं तिसरं आलं. कारण सांगत नाहीत, पण नवऱ्याचं नाव आणि आडनाव दोन्ही इतकं कॉमन आहे की कुणाशी तरी जुळलं असणार. डिलेड आलं की घड्याळ सुरू होतं. त्या दिवसानंतरचे तीन कामकाजाचे दिवस. आमचे सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी तो फोन.

आता हे तीन दिवस आले कुठून? १९८१ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला त्यात त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते आयुष्यभरासाठी अपंग झाले. त्यांच्या नावाचा ब्रेडी कायदा १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने झाला. सुरुवातीला पिस्तुलासाठी पाच दिवस थांबायची अट होती. पण कायद्यातच लिहिलं होतं की झटपट तपासणीची यंत्रणा आली की ही अट जाणार, गन लॉबीला तेच हवं होतं. १९९८ ला यंत्रणा आली, पाच दिवस गेले आणि मागे हे तीन दिवस राहिले. पण हे तीन दिवस खरेदीदाराने थांबायचे नाहीत. सरकारने तीन दिवसांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर सरकारचा हक्क संपला, पुढचं दुकानदाराच्या मर्जीवर.

आणि आमच्याच राज्यात या तीन दिवसांनी काय केलं ते इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. चार्ल्सटन आमच्यापासून साडेतीन तासांवर. १७ जून २०१५ ला इमॅन्युएल एएमई चर्चमध्ये बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने मारलं, ज्यांनी त्याला प्रेमाने आपल्यात बसवून घेतलं होतं त्यांना. तिथले पास्टर आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी त्यात गेले. त्या मुलाने ११ एप्रिलला, शनिवारी, पिस्तूल घ्यायला फॉर्म भरला होता. उत्तर आलं डिलेड. त्याला थोड्याच आठवड्यांपूर्वी ड्रग्ज बाळगल्याबद्दल अटक झाली होती आणि आपल्याकडे ड्रग्ज असल्याचं त्याने पोलिसांपुढे कबूल केलं होतं. तो पोलीस रिपोर्ट हाती लागला असता तर नकार आला असता. एफबीआयच्या तपासनीस बाईंनी शोधला, नाही असं नाही. पण रेकॉर्डवर लेक्सिंग्टन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) लिहिलं होतं. तिथल्या शेरीफच्या ऑफिसने सांगितलं, केस आमची नाही, कोलंबिया पोलिसांची आहे. बाईंनी लेक्सिंग्टनची संपर्क यादी उघडली, त्यात वेस्ट कोलंबिया सापडलं, तिथे विचारलं, ते म्हणाले आमच्याकडे असं काही नाही. कोलंबिया हे शहर दुसऱ्या काउंटीच्या यादीत होतं. नावात एका 'वेस्ट'चा फरक. सोमवार, मंगळवार, बुधवार संपले आणि गुरुवारी, १६ एप्रिलला, दुकानाने कायद्यात बसून पिस्तूल त्याच्या हातात दिलं. चूक झाली हे नंतर एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांनी स्वतः पत्रकारांना सांगितलं. २०२१ मध्ये सरकारने पीडितांच्या कुटुंबांना आणि वाचलेल्यांना मिळून ८.८ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

मला त्या तपासनीस बाईंचा राग येत नाही. माणूस यादी चुकीची उघडतो, कुणीही उघडेल. मला राग येतो तो त्या नियमाचा, ज्याने एका कारकुनी चुकीला दुरुस्त व्हायला वेळच ठेवला नाही. शुक्रवारी, पुढच्या सोमवारी, कुणाच्या तरी लक्षात आलं असतं की अरे कोलंबिया राहिलं. पण तोवर माल गेला होता.

इथे मला माझ्या गावची आठवण येते आणि ती उगाच येत नाही. कुडाळ तालुक्यात आमचं घर, बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. केलटी (माकडं) आणि रानडुकरं भाताची आणि नारळाची काय वाट लावतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाबा बहुतेक वेळा नुसता बार काढायचे. परवान्याच्या वेळी चौकशी झाली ती मला आठवते, मी सहावी-सातवीत असेन. पोलीस पाटील पडवीत येऊन बसले, चहा घेतला, मग शेजारी गेले, मग वाडीत. बाबांचं पिणं आहे का, भावकीत बांधावरून काही वाद आहे का, घरात बाईमाणसाला त्रास आहे का. गावात हे सगळं सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसतं.

त्याचा वेळ मात्र विचारू नका. बाबा गेले तेव्हा बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, भावाने वारस म्हणून अर्ज केला आणि दोन पावसाळे ती तिथेच राहिली. दाखला आणा, तो जुना झाला, नवा आणा, साहेब नाहीत, निवडणूक आहे. डुकरांनी तोवर शेत नांगरून ठेवलं. तेव्हा तिकडचं सगळं चांगलं असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मला या निमित्ताने कळली आणि मी चकितच झाले. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही कलम १३ मध्ये अशीच सोय आहे, की पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही तर परवाना देणारा अधिकारी अहवालाची वाट न बघता निर्णय घेऊ शकतो. म्हणजे वेळ संपायचा प्रश्न तिथेही आहेच. फक्त निर्णय कोण घेतो? जिल्हा दंडाधिकारी, किंवा शहरात पोलीस आयुक्त. तो नको म्हणू शकतो, आणि हो म्हटलं तर खाली त्याची सही असते, उद्या काही झालं तर त्याला विचारता येतं. आणि इथे? इथे निर्णय घेतो तो दुकानदार, ज्याने पिस्तूल विकलं तर त्याला पैसे मिळणार आणि नाही विकलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. ज्याचा विक्रीत फायदा आहे त्याच्याच हातात शंकेचा फायदा द्यायचा अधिकार, हे कसं काय चालतं? सगळे दुकानदार तसे नसतात हेही सांगते, वॉलमार्टने २००२ पासूनच ठरवलंय की उत्तर आल्याशिवाय द्यायचं नाही, कायदा परवानगी देत असला तरी. म्हणजे करता येतं.

अशा प्रकारे विकल्यावर मागाहून नकार निघाला तर पुढे एटीएफच्या, म्हणजे शस्त्रांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या लोकांनी त्या माणसाच्या घरी जाऊन हत्यार परत आणायचं असतं. अशी प्रकरणं दरवर्षी हजारोंनी निघालीत. कल्पना करा, ज्याच्याकडे हत्यार असू नये असं ठरलंय आणि ज्याच्याकडे ते आता आहे, त्याच्या दारावर जाऊन टकटक करायची. आणि उत्तर सापडलंच नाही तर? ८८ दिवसांनी ती चौकशीच सिस्टीममधून पुसून टाकतात. कुणी कधी शोधलंच नाही असं होऊन जातं.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे आणि मला ती टाळायची नाही. चार्ल्सटनच्या दोन आठवडे आधी, ३ जून २०१५ ला, न्यू जर्सीत एका बाईला तिच्या आधीच्या बॉयफ्रेंडने तिच्याच अंगणात भोसकून मारलं. तिने कोर्टाची ऑर्डर घेतली होती, घराला कॅमेरे लावले होते आणि २१ एप्रिलला पिस्तुलाच्या परमिटसाठी अर्ज केला होता. त्या राज्याच्या कायद्यात तेव्हा ३० दिवसांत उत्तर द्यायचं होतं. ती गेली त्या दिवशी ४३ दिवस झाले होते. मी हे वाचून रात्रभर झोपले नाही. नियम कडक करा म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही बाई विसरायची नाही. सरकारचं मौन तिलाही महागात पडलं, फक्त उलट्या बाजूने.

म्हणून माझं म्हणणं नुसतं दिवस वाढवा एवढं नाही. डिलेड आलं तर उत्तर येईपर्यंत विक्री थांबलीच पाहिजे, आणि त्याचबरोबर उत्तर द्यायची मुदत सरकारला खरोखर बांधील पाहिजे, म्हणजे त्यासाठी माणसं हवीत, काउंट्यांनी आणि कोर्टांनी कागद वेळेत पाठवायला हवेत, आणि ज्याच्या जिवाला धोका आहे असं कोर्टाने मान्य केलंय त्याची फाईल सगळ्यात वर हवी. कागदच आला नाही तर दहा दिवस काय आणि शंभर काय. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले, त्यात आपल्या मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगीही होती. गोळीबार करणाऱ्या मुलाला कोर्टाने मानसिक उपचारांचा आदेश दिला होता, तो निक्सपर्यंत पोचलाच नव्हता. २०१७ मध्ये टेक्सासच्या सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये गोळीबार करणाऱ्याला घरातल्यांना मारहाण केल्याची शिक्षा झालेली होती, हवाई दलाने ती कळवलीच नाही. तिथे तीन दिवसांचा प्रश्नच नव्हता, यंत्रणेने बघितलं आणि तिला काही दिसलंच नाही.

थोडं काही झालंय. टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेतल्या गोळीबारानंतर जून २०२२ मध्ये जो कायदा आला त्यात २१ पेक्षा लहान खरेदीदारांसाठी शंका असेल तर दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत तपासता येतं. पण चार्ल्सटनचा तो मुलगा फॉर्म भरायच्या आठवडाभर आधीच २१ वर्षांचा झाला होता. सगळ्यांसाठी दहा दिवसांचं बिल आमच्याच राज्याचे जिम क्लायबर्न यांनी आणलं, हाउसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, ते २०१९ मध्ये आणि परत २०२१ मध्ये मंजूर केलं, सिनेटमध्ये ते पुढे सरकलंच नाही. कॅलिफोर्नियात दहा दिवस सगळ्यांनाच थांबावं लागतं आणि तिथले लोक काही निःशस्त्र झालेले नाहीत. आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, तेव्हा हातात यायला चार दिवस लागले तर कुणाचा तरी तो वाईट दिवस निघून जाऊ शकतो, हा विचार मला आई म्हणून सोडत नाही.

त्या गुरुवारी आमच्या घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, मी काही गुन्हेगार नाही, मला माहीत आहे मी कोण आहे, मग का थांबू? बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं, तुला माहीत आहे, मला माहीत आहे, दुकानदाराला माहीत नाही. तो बराच वेळ गप्प बसला, मग स्वतःच फोन करून म्हणाला, उत्तर आलं की येतो. समोरचा माणूस दोनदा म्हणाला, सर, तुम्ही आजच नेऊ शकता. पुढच्या मंगळवारी प्रोसीड आलं. त्याने आता बोटांचे ठसे देऊन एफबीआयकडे ओळख पटवणाऱ्या एका कायमच्या नंबरसाठी अर्ज केलाय, तो मिळाला की पुढच्या वेळी नावसाम्यामुळे अडकायला नको. ज्यांना वारंवार डिलेड येतं त्यांनी तो करा, फुकट आहे.

मी आमच्या दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसला फोन केला. फोन घेणाऱ्या मुलीने पिनकोड विचारला, माझं म्हणणं लिहून घेतलं, मेसेज पोचवते म्हणाली. पुढच्या सोमवारी परत करणार आहे.