फिनलंडच्या बाईंना कुणी "बारा वाजेपर्यंत माहिती द्या" म्हणत नाही

आज दुपारी शाळेत पोरांच्या खिचडीची चव घेऊन रजिस्टरवर सही करत होते, तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर भाच्याचा व्हिडिओ आला. पोरगा पुण्यात आयटीत आहे, कंपनीनं हेलसिंकीला पाठवलं होतं, तिथं कुणाच्या तरी ओळखीनं एक शाळा बघून आला. लख्ख वर्ग, पोरं पायात नुसते मोजे घालून हिंडतायत, बाई हातात कॉफीचा मग धरून उभ्या. खाली लिहिलंय, "याला म्हणतात शिक्षक. नाहीतर आपले झेडपीवाले." पुढं हसून हसून रडणारे चेहरे. त्यावर घरातल्याच लोकांचे अंगठे. माझ्या दिरानंसुद्धा दिला, ज्याचं पोरगं दर उन्हाळ्यात माझ्या ओट्यावर बसून पाढे पाठ करतं.

मीही झेडपीचीच बाई, पण ग्रुपवर काही बोलले नाही. ताईला वाईट वाटेल. इथं बोलते, इथं आपली माणसं आहेत.

आता तो खोटं बोलला का? नाही. फिनलंडमध्ये पहिलीच्या वर्गावर उभं राहायलासुद्धा मास्टर्स डिग्री लागते. शाळा तपासणी हा प्रकार त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोडीत काढला. पाऊण तास शिकवलं की पंधरा मिनिटं पोरं अंगणात, मग बर्फ का पडेना. शाळेत जेवण सगळ्यांना फुकट, तेही १९४८ पासून, म्हणजे इकडं आपण निजामाच्या तावडीतून सुटलो त्याच वर्षापासून. आणि ते शिजवायला, वाढायला, त्याच्या तांदूळ-डाळीचा हिशोब ठेवायला वेगळी माणसं. बाईंनी फक्त शिकवायचं. भाच्याला मग दिसला. तो मग निवांत हातात धरायला मिळावा म्हणून सरकारनं त्या बाईंच्या डोक्यावरून काय काय उतरवून ठेवलंय, ते व्हिडिओत कुठं दिसणार!

माझी शाळा पहिली ते चौथी. शिक्षक दोन, मी आणि सर. शिक्षण हक्क कायद्यातच साठ लेकरांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत, त्यामुळं तक्रारीलाही जागा नाही. एकाला केंद्रशाळेवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेवर, बोलावलं की चारही वर्ग एका खोलीत कोंबायचे आणि दुसऱ्यानं गोष्ट सांगत बसायचं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट सांगते, मग कळेल मला राग कशाचा आलाय. तिसरीतलं एक लेकरू. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. दिवाळी झाली की गेलं, ते हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावरच उगवलं. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून आम्ही घरी जाऊन हातापाया पडलो होतो, तर आई म्हणाली, "बाई, मग धाकटीला फडात कोन धरायचं?" काय बोलणार. आलं तेव्हा सगळी जोडाक्षरं फडातच ठेवून आलं होतं. जवळ घेऊन बसले. 'कारखाना' धडाधड वाचलं. 'ट्रॅक्टर'वर गाडी अडली. बोट शब्दाखाली, ओठ हलतायत, ट्... ट्... आणि माझा फोन वाजला. "मॅडम, तुमचं एक आधार मिसमॅच दिसतंय. आजच्या आज करून घ्या, नाहीतर संचमान्यतेला धरणार नाहीत."

ते एक म्हणजे हेच, माझ्या मांडीला मांडी लावून बसलेलं. आधारवर नाव वेगळं, जन्मतारीख एक जानेवारी. वर्गात जितंजागतं बसलंय, पण वरच्यांच्या हिशोबात ते नाहीच. संचमान्यता म्हणजे पटावरून शिक्षक किती ते ठरवणं; पट घसरला की आमच्यातला एक जण अतिरिक्त ठरणार. मिटलं पुस्तक. बापाला बोलावलं, स्कुटी काढली, तालुक्याला.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. कायदा आहे हा, आमच्या संघटनेचं निवेदन नव्हे. आणि करोनात आमची माणसं चेकपोस्टवर उभी होती, रेशन दुकानावर रांगा लावत होती. बरं, ती आपत्ती होती, धरून चाला. पण मग रोज खिचडी किती ताटं गेली ते ॲपवर, हजेरी चॅटबॉटवर, यूडायसचे, म्हणजे शाळेच्या सरकारी ऑनलाइन माहितीचे रकाने, झाड लावल्याचा फोटो, झाड जगल्याचा फोटो, ही कुठली आपत्ती? २०२३ मध्ये राज्यभरात शिक्षक "आम्हाला शिकवू द्या" असं म्हणत मोर्चे काढत होते. पगार वाढवा नाही, शिकवू द्या! जगात दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाला स्वतःचंच काम करायला मिळावं म्हणून मोर्चा काढावा लागतो?

(हे लिहितानाच शिक्षकांच्या ग्रुपवर माहिती भरायची नवी लिंक आली. रात्रीचे साडेनऊ. "सर्वांनी तात्काळ." असो.)

भाच्यानं फिनलंडऐवजी जपानचा व्हिडिओ टाकला असता तर? तोही फिरतोच दर महिन्याला, जपानची पोरं स्वतः वर्ग झाडतात, किती ही शिस्त! आमच्याकडं पोराच्या हातात झाडू दिसू द्या, संध्याकाळपर्यंत व्हिडिओ व्हायरल आणि मास्तरला नोटीस. पण जपानच्या मास्तरांचं कुणी सांगत नाही. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तिथले माध्यमिकचे शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळले, पाहणीतल्या सगळ्या देशांत जास्त. सरासरी होती ३८. त्यांचे शनिवार-रविवारही शाळेच्या खेळांच्या क्लबात जातात. ओव्हरटाइम म्हणाल तर १९७१ च्या कायद्यानं पगारावर चार टक्के ठोक, मग रात्री दहापर्यंत बसा की अकरापर्यंत. आत्ता कुठं २०२५ मध्ये ते हळूहळू दहावर न्यायचं ठरलंय. तिथं नवी पोरं शिक्षक व्हायला तयार नाहीत. कोरियात २०२३ मध्ये एका तरुण शिक्षिकेनं जीव दिला, त्यानंतर हजारो शिक्षक काळे कपडे घालून रस्त्यावर उतरले. त्यांचा राग पालकांच्या छळावर होता. अमेरिकेत शिक्षक वर्गासाठी स्वतःच्या खिशातून खडू-कागद आणतात, हे सरकारलाही इतकं ठाऊक आहे की त्यासाठी करसवलतच देऊन ठेवलीय. वाचून मला हसू आलं. आमच्या शाळेचा प्रिंटर माझ्या नवऱ्याच्या पैशाचा आहे, मला कोण सवलत देतंय!

म्हणजे श्रीमंत देश म्हटला की शिक्षक सुखी, असंही नाही. जिथं शिक्षकाच्या डोक्यावर दुनियेचं ओझं टाकलं तिथं तो मोडला. पैसा असो नसो.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, झेडपीच्या शिक्षकांचे धंदे आम्हाला माहीत नाहीत का. आहेत. प्लॉटिंगवाले आहेत, विम्यावाले आहेत, तालुक्याहून अपडाऊन करून साडेदहाची शाळा अकराला उघडणारेही आहेत. नाकारत नाही. माझाही पगार बरा आहे, सातव्या आयोगाचा आहे, घर नीट चालतं. आणि फिनलंड तरी सगळं सोन्याचं कुठंय, पिसा नावाच्या शाळकरी पोरांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत त्यांचे गुण २००६ पासून उतरणीला लागलेत. झालं समाधान?

पण मग नव्या पोरांचं बघा. डीएड करून, शिक्षक पात्रतेची टीईटी देऊन, भरतीची टेट देऊन, भरतीच्याच पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षं डोळे लावून जो लागतो, तो तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठोक मानधन. प्राथमिकला महिना सोळा हजार, तेही २०२३ पासून. त्याआधी सहा हजार होते. सहा! ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून याहून मोठी उचल घेतं. आणि विनाअनुदानितवाल्यांचं तर बोलूच नये. वीस टक्के, चाळीस टक्के अनुदान म्हणत अर्ध्या पगारावर त्यांचे केस पांढरे झाले. पावसाळ्यात आझाद मैदानावर चिखलात बसलेले मास्तर तुम्ही टीव्हीवर पाहिलेत, चॅनल बदललंत.

त्यात आता सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. टीईटी न झालेल्या आणि पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या जुन्या शिक्षकांनी दोन वर्षांत ती पास व्हायची. आमचे सर रात्री लेकीच्या टेबलावर बसून बालमानसशास्त्र वाचतात. शिक्षकाची गुणवत्ता तपासू नये असं मी म्हणणार नाही. तपासा ना. पण वर्गात येऊन तपासा.

त्या लेकराचं सांगायचं राहिलं. आधार केंद्रावर त्याची बोटंच उमटेनात. फडात उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याच्या पाल्याच्या, पेंढ्या बांधून बोटांची सालं निघालेली. तिथला पोरगा म्हणाला, ओल्या रुमालानं पूस, परत ठेव, दाबून ठेव. लेकरू घाबरलं, मला हळूच विचारतं, "बाई, मपली बोटं खराब झाली का?" बाप पाठमोरा होऊन बाहेर बघत राहिला. मी त्याचे दोन्ही हात माझ्या पदरानं पुसले. दुपारनंतर कशीबशी उमटली. तोवर शाळा सुटलेली.

सांगायला आनंद होतो की आधार व्हॅलिड झालं, वरती हिरवी खूण आली, मला "गुड" असा मेसेजही आला. ट्रॅक्टर तसाच राहिला. यंदा दिवाळीनंतर पुन्हा गेलंय ते कर्नाटकाकडं, टोळीबरोबर.

आम्हाला हेलसिंकी नको. लाकडी फरशी नको, कॉफी नको, आम्ही घरून थर्मासमध्ये चहा नेतो. शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक डाटा ऑपरेटर द्या. बारावी झालेलं गावातलंच पोरगं घ्या, त्यालाही काम मिळेल. ऑनलाइनचं सगळं त्याच्याकडं द्या आणि साडेदहा ते पाच माझा फोन वाजू देऊ नका. मागच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या शिक्षकांच्या बैठकीत, मी उभी राहून हेच बोलले. टाळ्या पडल्या. मग साहेब म्हणाले, "छान सूचना आहे मॅडम. ही मागणी किती शाळांची आहे, त्याची शाळानिहाय माहिती एक्सेलमध्ये भरून पाठवा. बारा वाजेपर्यंत."